रक्त, हृदय आणि ग्रंथी : शिकवता शिकवता कळलेल्या नऊ गोष्टी

नागपुरात नर्सिंग आणि पॅरामेडिकलच्या पहिल्या वर्षाला मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. वर्गात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाची मुलं-मुली असतात. त्यांतल्या अनेकांनी 'हिमोग्लोबिन' हा शब्द पुस्तकात वाचण्याआधी घरातल्या कोणाच्या तरी रिपोर्टवर वाचलेला असतो. कोणाच्या आजीला शुगर असते, कोणाच्या काकूला थायरॉईडची गोळी चालू असते, तर कोणाच्या घरी सिकलसेल असतो. तरीही परीक्षा जवळ आली की हीच मुलं रक्ताचं प्रकरण, हृदयाचं प्रकरण आणि अंतःस्रावी ग्रंथींचं प्रकरण अशी तीन वेगळी गाठोडी बांधून पाठांतराला बसतात. ती गाठोडी सोडवायला मला ज्या गोष्टी उपयोगी पडल्या, त्या इथे क्रमानं सांगते.

१. प्रकरणं तीन असली तरी माणूस एकच आहे

अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाचं नाव विद्यार्थ्याला तीन ठिकाणी भेटतं. केशवाहिन्यांतून पाणी बाहेर कसं जातं आणि रक्तातली प्रथिनं ते आत कसं ओढतात, हे त्यानं १८९६ मध्ये मांडलं. १९०२ मध्ये बेलिस या सहकाऱ्याबरोबर त्यानं सिक्रेटिन शोधलं आणि १९०५ मध्ये 'हार्मोन' हा शब्द जगाला दिला. हृदयात जितकं जास्त रक्त भरेल, तितक्या जोरानं ते पुढचा ठोका देईल, हा नियमही त्याच्याच नावानं ओळखला जातो. पुस्तकात या तीन गोष्टींमध्ये कित्येक पानांचं अंतर असतं, त्यामुळे तिन्हीकडचा स्टार्लिंग एकच, हे मुलांच्या लक्षात येत नाही. त्याच्यासमोरचा प्रश्न मात्र एकच होता: शरीरातला द्रव कुठून कुठे जातो आणि त्याला हुकूम कोण देतं?

हृदय स्वतःही हार्मोन तयार करतं. १९८१ मध्ये डी बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडलं. वरचे कप्पे ताणले गेले की हृदय हा पदार्थ सोडतं आणि मूत्रपिंडाला 'पाणी कमी कर' असा निरोप पोहोचतो. मूत्रपिंड उलट एरिथ्रोपोएटिन सोडून अस्थिमज्जेला लाल पेशी वाढवायला सांगतं. मूत्रपिंड निकामी झालेला रुग्ण पांढुरका का दिसतो, याचं उत्तर तिथे आहे. हृदय, मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा यांचा हा संवाद एकदा कळला की तीन गाठोड्यांची गरज उरत नाही.

२. आकडा पाठ करण्याआधी गुणाकार करून पाहा

'हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फेकतं' हे वाक्य सगळ्यांना येतं. ते पाच लिटर आले कुठून, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मिनिटाला साधारण ७२ ठोके आणि दर ठोक्याला ७० मिलिलिटर, यांचा गुणाकार पाच लिटरच्या जवळ जातो. शरीरात एकूण रक्तही साधारण पाच लिटर असतं. म्हणजे विश्रांतीत सगळं रक्त मिनिटभरात एक फेरी पूर्ण करतं. हा हिशोब स्वतः केलेला विद्यार्थी तो विसरत नाही.

नाडी फार वाढली की काय होतं, हेही आकड्यांतूनच उलगडतं. ७५ च्या गतीला एक ठोका ०.८ सेकंदांचा असतो. त्यातले सुमारे ०.२७ सेकंद हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावतात आणि उरलेले ०.५३ सेकंद सैल असतात. गती २०० वर गेली की आकुंचनाला ०.१६ सेकंद लागतात आणि सैल राहायला फक्त ०.१४ उरतात. आकुंचनाचा काळ थोडा आखडला, विश्रांतीचा मात्र एक चतुर्थांश राहिला. मिनिटभराचा हिशोब केला तर सुमारे ४० सेकंदांची विश्रांती २८ वर आली. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः याच विश्रांतीच्या काळात मिळतं, कारण आकुंचनात त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. म्हणजे फार वेगानं धावणारं हृदय जास्त काम करतं आणि त्याच वेळी स्वतः उपाशी राहतं. करोनरीचा रुग्ण छातीत दुखतं म्हणाला की आपण त्याची नाडी शांत ठेवायची धडपड का करतो, ते इथे समजतं.

३. ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी हिमोग्लोबिन विचारा

ऑक्सिमीटरचा आकडा हिरवा दिसला की सगळ्यांना हायसं वाटतं. पण ते यंत्र इतकंच सांगतं की जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातलं किती ऑक्सिजननं भरलेलं आहे. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, ते यंत्राला कळत नाही.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. १५ ग्रॅम असेल तर १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिलिटर ऑक्सिजन बसतो, म्हणजे पाच लिटर रक्तातून मिनिटाला हजार मिलिलिटर. विश्रांतीत शरीराला मिनिटाला २५० मिलिलिटर पुरतो, त्यामुळे बाकी भरपूर उरते. आता हिमोग्लोबिन ६ ग्रॅमवर आणा. १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम ८ मिलिलिटर आणि मिनिटाला ४०० उरतात. ऑक्सिमीटर अजूनही ९८ च म्हणतोय. बाई स्वस्थ बसलेली असेल तोवर निभतं, पण दोन मजले चढली की ४०० पुरत नाहीत. मग हृदय ठोके वाढवतं आणि दर ठोक्याला जास्त रक्त फेकतं. पातळ झालेलं रक्त वेगानं वाहतं आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की कधी कधी मर्मर ऐकू येते. लाल पेशीसुद्धा हात लावतात. त्यांच्यातलं २,३-बीपीजी वाढतं आणि हिमोग्लोबिन ऊतींना ऑक्सिजन सहज सोडू लागतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे वॉर्डात, बसमध्ये, शेतात आणि तुमच्या स्वतःच्या बाकावर हे शरीरक्रियाशास्त्र रोज घडतंय. 'जीव घाबरते, दम लागते' म्हणणाऱ्या बाईला 'टेन्शन घेऊ नका' असं सांगून परत पाठवण्याआधी तिच्या पापणीच्या आत बघा आणि तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

४. सिकलसेल नागपूरच्या विद्यार्थ्यानं पहिल्याच वर्षी शिकावा

अनेक पुस्तकांत सिकलसेल आफ्रिकेतला आजार म्हणून चार ओळींत संपतो. विदर्भात शिकणाऱ्याला ते परवडणारं नाही. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांवरचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापला. तेव्हापासून आपला भाग या आजाराच्या नकाशावर ठळकपणे आहे. १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचं लक्ष्य २०४७ चं आहे आणि शून्य ते ४० वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी तिच्यात धरलेली आहे. ही तपासणी ज्यांच्या हातून व्हायची, त्यांतले काही आज माझ्या वर्गात बसतात.

यातला बिघाड इतका नेमका आहे की शिकवताना दर वेळी मी थक्क होते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये याला रेणूचा आजार म्हटलं. ऑक्सिजन सोडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांड्या बनवतं आणि गोल लवचिक पेशी विळ्यासारखी ताठ होते. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडं, छाती, पोट दुखतं. १२० दिवस जगणारी पेशी १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून रक्तक्षय आणि डोळ्यांत पिवळेपणा. आणि रक्तक्षय जन्मभराचा असल्यामुळे हृदय वर्षानुवर्षं जादा काम करून मोठं होतं. एका अमिनो आम्लापासून हृदयाच्या आकारापर्यंतची ही साखळी विद्यार्थ्यानं न बघता फळ्यावर काढून दाखवली, की मी समजते त्याला धडा आला.

बाळाला पहिले काही महिने त्रास का होत नाही, हेही विचारा. गर्भातलं हिमोग्लोबिन तोवर शिल्लक असतं आणि ते या दांड्या बनू देत नाही. ते ओसरलं की पाच-सहा महिन्यांच्या बाळाचे हातपाय सुजून येतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः हेच गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आल्याचं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं.

५. मे महिन्यात एडीएच आणि अल्डोस्टेरॉन नीट शिका

नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा शहरातल्या प्रत्येक शरीरात एक मोठा प्रयोग चालू असतो. उष्णता बाहेर टाकायला त्वचेच्या वाहिन्या रुंदावतात आणि बरंच रक्त कातडीकडे वळतं. घामातून पाणी आणि मीठ जातं, त्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, नाडी वाढते. उन्हातून येऊन एकदम उभं राहणाऱ्याला भोवळ येते ती यामुळे. रक्तदाबासाठी पाणी उतरवणारी गोळी घेणाऱ्याला हा त्रास आधी होतो.

रक्त थोडं जरी दाट झालं तरी हायपोथॅलॅमसला कळतं. पिट्यूटरीच्या मागच्या भागातून एडीएच सुटतं, मूत्रपिंड पाणी राखून ठेवतं, लघवी गडद होते. रक्ताचं आकारमान घटलं की रेनिनची साखळी चालू होऊन अल्डोस्टेरॉन वाढतं आणि मीठ वाचवलं जातं. घामाच्या ग्रंथीसुद्धा अल्डोस्टेरॉनचं ऐकतात. उन्हाची सवय झालेल्या माणसाच्या घामात मीठ कमी असतं ते म्हणूनच. ही सवय लागायला आठवडा-दोन आठवडे जातात, तेव्हा बाहेरगावाहून आलेल्या मजुराला पहिल्याच दिवशी भर दुपारी कामाला लावणं हे शरीराच्या विरुद्ध आहे.

आता याच उन्हात सिकलसेलचा रुग्ण ठेवा. पाणी कमी झालं की लाल पेशीतलं हिमोग्लोबिन दाटतं आणि दांड्या बनायला लागणारा वेळ झपाट्यानं घटतो. त्यात एक अडचण फार कमी जणांच्या लक्षात येते. मूत्रपिंडाचा आतला भाग मुळातच कमी ऑक्सिजनचा आणि खारट. तिथल्या वाहिन्यांत पेशी अडकून अडकून लघवी दाट करण्याची ताकद लहानपणीच जाते. निरोगी मूत्रपिंड लघवी १२०० मिलिऑस्मोलपर्यंत दाट करू शकतं, सिकलसेलग्रस्ताचं ४०० च्या आसपास अडकतं. एडीएचचा हुकूम येतो, पण तो पाळणारी यंत्रणाच उरलेली नसते.

'पाणी तं पेतोच ना मॅडम, लघवीबी साफ होते,' असं वॉर्डात ऐकलं की विद्यार्थी खूश होतात. इतर रुग्णात फिकट लघवी ही पाणी पुरेसं असल्याची खूण आहे. सिकलसेलग्रस्तात ती खूण खोटी ठरू शकते. त्याला तहान लागण्याची वाट न पाहता उन्हाळाभर ठरवून पाणी पाजावं लागतं आणि ते घरच्यांना समजावून सांगावं लागतं.

६. प्रत्येक तपासणी किती दिवस मागचं सांगते, ते विचारा

इन्सुलिन रक्तात काही मिनिटंच टिकतं आणि अ‍ॅड्रिनॅलिन त्याहून कमी. थायरॉक्सिनचं अर्धं प्रमाण उतरायला सुमारे सात दिवस लागतात. म्हणून भीतीनं धडधडलेलं काळीज थोड्या वेळात शांत होतं. थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलल्यावर मात्र टीएसएच तपासायला सहा आठवडे थांबावं लागतं. 'गोळी चालू करून आठ दिवस झाले, फरकच नाही' म्हणणाऱ्या मावशींना हे शांतपणे समजावून सांगणं हाही उपचाराचाच भाग आहे.

एचबीए-वन-सी मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगर सांगतं, कारण लाल पेशी १२० दिवस जगते आणि तेवढा काळ तिच्या हिमोग्लोबिनवर साखर चढत राहते. मग ज्याची पेशी १५ दिवसांतच फुटते, त्याचं काय? साखर चढायला वेळच मिळत नाही आणि शुगर वाढलेली असूनही रिपोर्ट छान येतो. शिवाय काही यंत्रांना वेगळं हिमोग्लोबिन नीट मोजता येत नाही. म्हणून सिकलसेलग्रस्ताचा मधुमेह रक्तातल्या ग्लुकोजवरूनच ठरवायचा. ग्रंथींच्या प्रकरणातला प्रश्न आणि त्याचं उत्तर रक्ताच्या प्रकरणात, याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

७. थायरॉईड आधी नाडीला भेटतो

थायरॉईड जास्त असला की हृदयाच्या पेशींवर अ‍ॅड्रिनॅलिनला प्रतिसाद देणारे ग्राही वाढतात. नाडी जलद होते, हात गरम आणि घामट लागतात, वजन उतरतं. कमी असला की नाडी मंदावते, कातडी कोरडी पडते, थंडी सोसत नाही. घाबरट माणसाची नाडीही जलद असते, मग फरक कसा करायचा? रुग्ण गाढ झोपला असताना मोजा. भीतीची नाडी झोपेत उतरते, थायरॉईडची सहसा उतरत नाही. रात्रपाळीतल्या नर्सच्या हाती असलेली ही तपासणी आहे आणि तिला मनगटावरच्या बोटांपलीकडे काही लागत नाही. वाढत्या वयात नाडी अचानक अनियमित झाली तर थायरॉईडची आठवण ठेवा.

८. रक्ताच्या रिपोर्टवर माणसाचं घर उभं असतं

सिकलसेलच्या रिपोर्टबद्दल आपल्याकडे लोक 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' असं बोलतात. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे ग्रस्त. बहुतेक वाहक आयुष्यभर ठणठणीत राहतात. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं की वाहकांना घातक हिवतापापासून संरक्षण मिळतं, म्हणूनच हे जनुक हिवतापाच्या प्रदेशांत टिकून राहिलं. दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ग्रस्त असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण मुक्त असण्याची चारात एक असते. 'पहिलं बाळ ग्रस्त आहे, म्हणजे पुढची तीन चांगली' असा हिशोब लोक करतात. तो चुकीचा आहे, हे त्यांना प्रेमानं सांगा.

सोल्युबिलिटी चाचणी मी दाखवते, पण वर्गातल्या कोणाचं रक्त त्यासाठी घेत नाही. नळीतला द्रव गढूळ झाला आणि मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की त्या मुलीचं गुपित सगळ्यांसमोर उघडं होतं. शिवाय ही चाचणी वाहक आणि ग्रस्त यांत फरक करत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावं लागतं. अर्धवट माहितीवर ठरलेली लग्नं मोडतात, सुनांना बोल लावले जातात, आणि जनुक आई-वडील दोघांकडून आलेलं असताना दोष फक्त आईला दिला जातो. अमक्या समाजाचा आजार, असा शब्द तुमच्या तोंडून कधीही निघू देऊ नका. रिपोर्ट हळू आवाजात, एकट्याला आणि त्याला कळेल अशा भाषेत सांगायचा असतो. हे मी शरीरक्रियाशास्त्राच्या तासालाच शिकवते, कारण रक्त म्हणजे काय हे शिकलेल्या माणसाला त्याची जबाबदारीही कळली पाहिजे.

९. तक्रारीपासून उलटं चालत जा

पुस्तक अवयवापासून आजाराकडे जातं. रुग्ण मात्र तक्रार घेऊन येतो. म्हणून अभ्यास करताना एक तक्रार घ्या, उदाहरणार्थ 'धडधड होते', आणि कोऱ्या कागदावर मागे मागे जा. हिमोग्लोबिन कमी आहे का? पाणी कमी झालं आहे का? थायरॉईड वाढला आहे का? शुगर उतरली आणि अ‍ॅड्रिनॅलिन उसळलं का? हृदयाची लय बिघडली का? की मनाला कसली भीती आहे? प्रत्येक फाट्यापुढे 'हे कसं घडतं' आणि 'मी ते कशावरून ओळखेन' असे दोन प्रश्न लिहा. एका धडधडीत रक्त, ग्रंथी आणि हृदय ही तिन्ही प्रकरणं येऊन जातात. असंच 'पाय सुजतात', 'थकवा येतो', 'भोवळ येते' यांचं करा. दोन-चार जण मिळून मोठ्यानं बोलत केलं तर आणखी चांगलं, कारण दुसऱ्याला समजावताना कुठली कडी सुटली आहे ते लगेच उघडं पडतं.

मग वॉर्डात गेल्यावर पहिली नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. हाताखाली नुसते ठोके असतील, पण त्यामागे हिमोग्लोबिन किती, पाणी किती, कोणता हार्मोन किती, हे सगळं हजर असतं. ते वाचता येणारी नर्स आणि ते वाचता येणारा तंत्रज्ञ विदर्भाच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हवा आहे. तुम्ही तिथे पोहोचाल, तेव्हा तुमच्यासमोरच्या बाईला पुस्तकातलं एकही प्रकरण ठाऊक नसेल. तिच्या धडधडीचं कारण शोधून ते तिला तिच्या बोलीत सांगता यावं, यासाठीच हे शास्त्र शिकायचं आहे.